हिटलर आपला कोण लागतो?

जुम्याची नमाज झाली होती. मशिदीबाहेर चपला शोधत असताना ओळखीतल्या एका तरुणाने मोबाइल माझ्यापुढे धरला. 'चाचा, हे वाचा.' पडद्यावर हिटलरचा फोटो होता आणि खाली त्याच्या तोंडी घातलेले एक वाक्य : थोडे यहुदी मी मुद्दाम जिवंत सोडले, बाकीच्यांना का मारले हे जगाला कळावे म्हणून. त्या दिवसांत गाझातल्या मुलांची कफनात गुंडाळलेली प्रेते रोज मोबाइलवर दिसत होती. पोराच्या डोळ्यांत राग होता आणि तो राग खरा होता. मी एवढेच विचारले, 'हे हिटलर कुठे म्हणाला?' 'सगळ्यांना माहीत आहे.' 'कुठल्या पुस्तकात आहे?' तो हसला. 'चाचा, तुमचं पुस्तकाशिवाय चालतच नाही.'

नाही चालत. कोणी बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणता कोणाचे तरी वाटोळे कराल, ही ताकीद कुरआनातच आहे. ते वाक्य हिटलरच्या भाषणांत किंवा लेखनात कुठेच सापडत नाही. कोणीतरी रचले, कोणीतरी पुढे ढकलले, आणि आपण त्याखाली 'माशाअल्लाह' लिहून आणखी पुढे ढकलले.

पण समजा, ते वाक्य खरे असते, तर? तर साठ लाख बायका-पुरुष-मुलांच्या खुन्याला आपण दाद दिली असती. एका निरपराध जिवाच्या हत्येबद्दल आपला दीन काय सांगतो, ते मी इथे सांगत बसत नाही. मदरशातल्या पोरालाही ते पाठ असते. म्हणून सरळ विचारतो : हा माणूस आपला कोण लागतो?

हा रोग फक्त आपल्याच मोहल्ल्यात आहे असे कोणी समजू नये. कुठल्याही मोठ्या स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर बघा. श्रीमंत व्हायचे सोपे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी हिटलरचे आत्मचरित्र मांडलेले असते आणि ते खपते. लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर, 'या देशाला एक हिटलरच पाहिजे' हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. बोलणाऱ्याने ते पुस्तक उघडलेले नसते. उघडले असते तर हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या हाती राहिलेला बरा, असे त्याच पुस्तकात लिहिलेले त्याला सापडले असते. पण त्याला पुस्तक नको असते, त्याला हिटलर हवा असतो. कशासाठी? 'यांना' सरळ करण्यासाठी. आणि 'हे' कोण, ते तुम्हाला-मला चांगले ठाऊक आहे. ज्यांना आपल्याला सरळ करायला हिटलर हवा आहे, त्यांचाच आदर्श आपण स्टेटसला लावतो. याहून मोठी बेअक्कल मला माहीत नाही.

याचे कारण एकच. आपण दुसरे महायुद्ध वाचलेले नाही. आपण त्यातून एक मोहरा उचलला आहे. खरे तर वाचायला काही कमी नाही. इंग्रजीत या युद्धाचे हजार-हजार पानांचे सर्वसाधारण इतिहास आहेत. मराठीत वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' आहे, वि. स. वाळिंब्यांचे 'वॉर्सा ते हिरोशिमा' आहे. गावोगावच्या वाचनालयांत ही पुस्तके पडून आहेत. ती वाचली तर पहिल्यांदा काय होते? आपला मोहरा हातातून गळून पडतो. कसा, ते सांगतो.

त्याच तरुणाने आदल्या आठवड्यात 'लायन ऑफ द डेझर्ट' या सिनेमातला एक तुकडा स्टेटसला ठेवला होता. ओमर मुख्तारच्या फाशीचा प्रसंग. मलाही तो सिनेमा आवडतो. पण ओमर मुख्तारला फाशी दिली कोणी? मुसोलिनीच्या फासिस्ट इटलीने, १६ सप्टेंबर १९३१ रोजी, सुलूकच्या छावणीत, कैदेतल्या आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत. पूर्व लिबियातल्या सुमारे एक लाख बदाऊनींना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले गेले आणि त्यांतले हजारो उपासमारीने आणि रोगराईने मेले. त्या मोहिमेचा सेनापती होता रोडोल्फो ग्राझियानी. आणि मुसोलिनी कोण? हिटलरचा सगळ्यात जवळचा दोस्त. मुख्तारच्या फाशीला सहा वर्षेही झाली नव्हती तेव्हा, मार्च १९३७ मध्ये, याच मुसोलिनीने त्रिपोलीत 'इस्लामची तलवार' हातात घेऊन मिरवून घेतले आणि स्वतःला मुसलमानांचा रक्षक म्हणवले. एका मोबाइलवर सोमवारी मुख्तार आणि शुक्रवारी हिटलर. मारणारा आणि मेलेला एकाच भिंतीवर टांगून आपण दोघांनाही हार घालतो आहोत.

आता दुसरी गोष्ट. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला. लाल सेनेत तातार होते, उझबेक होते, अझरबैजानी होते. जर्मन मारेकरी तुकड्या युद्धकैद्यांतून ज्यू वेचून काढून गोळ्या घालत होत्या. वेचायचे कसे? कपडे उतरवून. खतना झालेला दिसला की ज्यू ठरवून उडवला. असे कित्येक मुसलमान कैदी मारले गेले आणि पुढे बर्लिनहून 'जरा बघून मारा' अशा सूचना निघाल्या. डेव्हिड मोताडेल यांनी नाझी जर्मनी आणि इस्लाम या विषयावर २०१४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे सगळे नोंदले आहे. त्या खड्ड्यांत ज्यूंबरोबर आपल्या भावांचीही हाडे आहेत, आणि ओळखीची खूण एकच होती.

तिसरी गोष्ट पॅलेस्टाइनची, कारण या सगळ्याच्या मुळाशी तीच आहे. हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. जर्मनीत आणि आसपास ज्यूंना जगणे अशक्य झाले. अमेरिकेने दारे आधीच अरुंद केली होती. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले, सहानुभूतीची भाषणे झाली आणि जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. जीव वाचवायला निघालेले लोक जिथे वाट मिळेल तिथे गेले आणि त्यांतली एक वाट पॅलेस्टाइनला जात होती. १९३३ नंतर तिथले ज्यूंचे स्थलांतर झपाट्याने वाढले. १९३६ मध्ये अरबांनी उठाव केला आणि इंग्रजांनी तो चिरडला. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून वाचलेल्यांना परत जायला घर उरले नव्हते. १९४८ मध्ये सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी आपल्या गावांतून उखडले गेले. युरोपच्या गुन्ह्याची किंमत ज्यांचा त्यात हात नव्हता त्यांनी मोजली, हे आपले म्हणणे खरे आहे. मग त्या गुन्ह्याचा मुख्य गुन्हेगार कोण? ज्याने ती माणसे घराबाहेर काढली तो. पॅलेस्टिनींच्या नशिबी जे आले, त्यात हिटलरचाही वाटा आहे. त्याला दाद देऊन आपण गाझाची बाजू घेत नाही. आपण गाझाच्या अन्यायाची मुळे लपवतो.

इथे एक हरकत येते आणि ती मी टाळणार नाही. 'चाचा, ही सगळी गोऱ्यांची पुस्तके. त्यांत आपली माणसे कुठे मोजली आहेत?'

हरकत खरी आहे. युद्ध कधी सुरू झाले, इथूनच पक्षपात सुरू होतो. १ सप्टेंबर १९३९, पोलंड, असे आपण शाळेत घोकले. चीनला विचारा : तिथे ७ जुलै १९३७ पासून जपानशी युद्ध पेटले होते. इथिओपियाला विचारा : इटलीने ऑक्टोबर १९३५ मध्येच हल्ला केला होता. ग्राझियानी बहुतेक सर्वसाधारण इतिहासांत १९४० मध्ये अवतरतो, इजिप्तमध्ये सिदी बर्रानीपर्यंत येऊन थबकलेला एक मंद सेनापती म्हणून. ज्या फौजेने त्याला तिथून पिटाळले तीत चौथी भारतीय डिव्हिजन होती, हे एका ओळीत येते. लिबियातले त्याचे दहा वर्षांपूर्वीचे काम त्या एका ओळीतही येत नाही.

चर्चिलने १९४८ ते १९५३ या काळात महायुद्धाचा सहा खंडांचा इतिहास लिहिला. त्यात बंगालच्या दुष्काळाला जागा जवळजवळ नाहीच. १९४३ च्या त्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे मेली. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपानी येतील म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या आणि धान्याचे साठे काढून घेतले. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. युद्धाच्या खर्चाने भाव आभाळाला भिडले. आणि धान्यासाठी जहाजे मागितली तेव्हा लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने हात आखडता घेतला. मेले ते कोण? भूमिहीन मजूर, कोळी, नावाडी. पूर्व बंगालचे मुसलमान आणि नामशूद्र. ज्यांच्या मरणाने लंडनमध्ये कोणाची झोप उडणार नव्हती, असे लोक.

जावाचेही तेच. जपानच्या ताब्यातल्या इंडोनेशियात उपासमार आणि वेठबिगारी यांनी ४० लाख माणसे मेल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशातले हे मरण युद्धाच्या जाडजूड पुस्तकात शोधा, हाताला दोन-चार परिच्छेद लागतील. ८ मे १९४५ हा युरोपातला विजयदिन. त्याच दिवशी अल्जीरियातल्या सेतीफमध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या मिरवणुकीवर फ्रेंचांनी गोळीबार केला. दंगल उसळली, शंभरेक युरोपीय मारले गेले, आणि पुढच्या काही आठवड्यांत हजारो अल्जीरियनांना ठार करण्यात आले. फ्रान्सच्या मुक्तीसाठी अल्जीरियन शिपाई लढले होते. पॅरिस नाचले त्याची छायाचित्रे प्रत्येक पुस्तकात असतात. सेतीफचे नाव सूचीत असले तर नशीब.

म्हणजे तक्रार रास्त आहे. पण तक्रारीतून आपण काय काढतो, ते बघा. 'त्यांनी आमचे मेलेले मोजले नाहीत, म्हणून आम्ही त्यांचे मोजणार नाही.' हा हिशेब चर्चिलचाच आहे, फक्त बाजू बदललेली. ज्या खोडीसाठी आपण त्यांना दोष देतो, तीच आपण उचलली.

आणि आपले आपण तरी नीट मोजतो का? साक्ष देताना स्वतःची आणि आईबापांचीही भीड ठेवू नका, असे कुरआनने बजावले आहे. मग द्या साक्ष. बंगालमध्ये १९४३ च्या एप्रिलपासून सरकार मुस्लिम लीगचे होते. नागरी पुरवठ्याचे खाते हुसेन शहीद सुहरावर्दी यांच्याकडे होते आणि माणसे मरू लागली असताना धान्याचा तुटवडाच नाही असे ते जाहीरपणे सांगत होते. चर्चिलचे नाव घेताना आपला आवाज चढतो, या नावावर का पडतो? जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल्-हुसैनी २८ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये हिटलरला भेटले, पुढे तिथूनच त्यांनी रेडिओवर प्रचार केला आणि बोस्नियातल्या मुसलमानांची एसएस डिव्हिजन उभारायला हातभार लावला. हे आपल्या वैऱ्यांनी रचलेले नाही, घडलेले आहे. मुफ्तींच्या एका भेटीवरून सगळ्या पॅलेस्टिनींना नाझी ठरवणारे खोटारडे आहेतच. पण ती भेट झालीच नाही म्हणणारे आपण कोण?

ती भेट मान्य केली म्हणजे आपली मान खाली जाते, असेही नाही. ज्या पुस्तकात मुफ्ती आहेत त्याच काळात नूर इनायत खानही आहे. टिपू सुलतानच्या वंशातली, बडोद्यात जन्मलेल्या सूफी इनायत खान यांची मुलगी. १९४३ मध्ये ती जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये गुप्त वायरलेस चालवायला उतरली, पकडली गेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छावणीत तिला गोळी घातली. अल्बानिया मुस्लिम बहुसंख्येचा देश. पाहुण्याला दगा द्यायचा नाही या आपल्या रिवाजाला जागून तिथल्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी ज्यू निर्वासितांना घरात लपवले. युद्ध संपले तेव्हा त्या देशात युद्धापूर्वीपेक्षा जास्त ज्यू होते. स्टेटसला लावायला मुसलमान हवाच असेल तर ही माणसे काय वाईट आहेत?

आता मुद्द्याचे सांगतो. हे युद्ध आपण वाचायलाच हवे, कारण त्यातला सगळ्यात उपयोगी धडा अल्पसंख्याकांसाठी आहे. साठ लाखांची हत्या गॅसच्या कोठड्यांपासून सुरू झाली नाही. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराची हाक आली. त्याच महिन्यात त्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा आला. १९३५ मध्ये न्युरेम्बर्गच्या कायद्यांनी नागरिकत्व काढून घेतले आणि कोणी कोणाशी लग्न करायचे तेही ठरवले. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत प्रार्थनाघरे जाळली, दुकाने फोडली, आणि नुकसानीचा दंड ज्यूंनाच भरायला लावला. वान्झेची बैठक जानेवारी १९४२ मधली. दुकानापासून खड्ड्यापर्यंत नऊ वर्षे लागली, आणि प्रत्येक पायरीवर शेजारीपाजारी म्हणत होते, एवढेच होईल, पुढे काही नाही. हे प्रकरण पेन्सिल घेऊन कोणी वाचायला हवे? ज्यांच्या दुकानांवर बहिष्काराच्या हाका येतात त्यांनी. त्यांनीच जर फोटो खुन्याचा लावला, तर उद्या न्याय मागायला तोंड कुठले उरेल?

पुस्तक कसे वाचायचे, तेही सांगतो, कारण पुस्तकाला शरण जा असे मी म्हणत नाही. कोणताही सर्वसाधारण इतिहास हातात घेतला की आधी बघा, लेखक युद्ध कोणत्या तारखेला सुरू करतो. मग सूची उघडा आणि बंगाल, जावा, लिबिया, सेतीफ यांना किती पाने आहेत ते मोजा. क्रिमियाच्या तातारांचे नाव शोधा. मे १९४४ मध्ये स्टालिनने त्यांच्या अख्ख्या समाजाला, जवळजवळ दोन लाख माणसांना, मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हाकलले. तेव्हा हिटलरला हरवणाराही साव होता असे नाही, हेही कळेल. पुस्तकात जे नाही त्यासाठी दुसरे पुस्तक घ्या. श्रीनाथ राघवन यांचे 'इंडियाज वॉर' आहे, यास्मिन खान यांचे 'द राज अ‍ॅट वॉर' आहे. मॅक्स हेस्टिंग्ज यांच्यासारख्या इंग्रज इतिहासकारानेही २०११ च्या आपल्या सर्वसाधारण इतिहासात बंगालच्या दुष्काळाची दखल घेतली आणि चर्चिलला बोल लावला. म्हणजे पुस्तके सुधारतात. कोणीतरी वाचून, भांडून, पुरावे पुढे ठेवून ती सुधारायला लावतो. मोबाइलवरचे वाक्य कधीच सुधारत नाही.

आणि हे युद्ध परक्याचे होते असेही मानू नका. पंचवीस लाखांची भारतीय फौज त्यात होती. साताऱ्याकडचे, कोकणातले मराठा पलटणीचे जवान इटलीत लढले आणि मेले. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले. शेकडो माणसे मेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले होते. मांडवी आणि मस्जिद बंदरच्या वस्त्या होरपळल्या. जगाच्या इतिहासात तो स्फोट तळटीपेतही नसतो.

आणि खलाशी. इंग्रजांच्या मालवाहू जहाजांवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर असत, खालच्या खोल्यांत गोव्याचे ख्रिस्ती वाढपी आणि खानसामे, भट्टीवर आणखी कोणी. हिटलरच्या पाणबुड्यांनी ही जहाजे बुडवली. या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. त्यांना ना दफन मिळाले, ना जनाज्याची नमाज. मुंबईत मस्जिद बंदर स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होममध्ये त्यांचे स्मारक आहे. त्यांची नावे तिथे नोंदलेली आहेत.

त्या तरुणाला मी हे सगळे मशिदीबाहेर उभ्या उभ्या सांगू शकलो नाही. एवढेच सांगितले की, ज्याचा फोटो तू लावलास त्याच्या टॉर्पेडोने कोकणातल्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष समुद्रात गेले. त्यांतला एखादा तुझ्या आजोळचा निघेल. आधी ती नावे वाच, मग फोटोचे बघू.